भूपाल रुतला नव्हता

भूपाल गेल्याची बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जाणाऱ्या आम्हा मंडळींचा मोबाईलवर एक गट आहे. त्यावर कोणीतरी दोन ओळी टाकल्या होत्या आणि त्यांच्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं भराभर येऊ लागली होती. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी खाली बसलो. आदल्या दिवशी तर आम्ही घाटावर शेजारी शेजारी बसलो होतो... तो म्हणाला होता, "उद्या जरा उशिरा येतो गड्या, झोप नीट लागंना झालीय." मी म्हणालो, "वय झालं तुझं." त्यावर तो म्हणाला, "तुझं राहिलंय व्हय?" आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. तो झोपेतच गेला.

नंतर शोकसभा झाली. हळदीच्या पेठेतले व्यापारी आले, बस्तीतली म्हणजे जैन मंदिरातली मंडळी आली, आमचा फिरायचा गट आला. सगळे चांगलं बोलले. मग आमच्या गटातला एक जण उठला आणि त्यानं प्रेमानंच सड्यावरची, म्हणजे डोंगरपठारावरची, गोष्ट काढली. "भूपालअण्णा व्रताचे पक्के. पण एकदा सड्यावर वाट सोडून हिरवळीत घुसले आणि असे रुतले, की आमच्या बिरूभाऊंनी खांदा उखडेपर्यंत ओढून काढलं त्यांना." लोक हळूच हसले. सभेतलं हसू होतं, वाईट काही नव्हतं. भूपालची मुलगी अनुजा समोर बसली होती. तीही मान खाली घालून हसली. मग सगळे माझ्याकडं वळले. "बिरूभाऊ, तुम्हीच सांगा." मी उभा राहिलो, "लय मोठा माणूस होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो.

सांगलीत ही गोष्ट गेली दहा-बारा वर्षं अशीच सांगितली जाते. ती खोटी आहे. भूपाल रुतला नव्हता. रुतलो होतो मी. माझ्या मित्राचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा आयुष्यात दुसऱ्या कुणाचा नाही. तो अभिमान मी मोकळेपणानं कधी सांगू शकलो नाही, कारण तो सांगायचा तर आधी माझं खोटं सांगावं लागणार होतं. आता ते दोन्ही एकदमच सांगतो.

मी आटपाडी तालुक्यातला. आमचं घर मेंढरांचं. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, जन्मभर कळपामागं चालले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडं जायचं आणि पाऊस लागला की परतायचं, असं त्यांचं आयुष्य. मी दहावी झालो आणि कुपवाडला फौंड्रीत लागलो. राहायला खोली मिळाली ती सांगलीत भूपालच्या वडिलांच्या घराच्या मागच्या बाजूला. त्यांनी अट एकच घातली होती, खोलीत मटण शिजवायचं नाही. मी ती पाळली. रविवारी कुपवाडला दोस्ताकडं जाऊन जेवून यायचो. दारात भूपाल उभा असायचा. तो माझ्याच वयाचा, वडिलांच्या हळदीच्या दुकानात नुकताच बसू लागलेला, गोरा आणि अंगानं तेव्हापासूनच भरलेला. मला बघितलं की नाक वर करून म्हणायचा, "आज देवदर्शन झालेलं दिसतंय." पुढं माझं लग्न झालं, मी विश्रामबागेकडं स्वतःचं घर बांधलं, तरी रविवारी भेटला की हेच विचारायचा.

एकदा उन्हाळ्यात तो माझ्याबरोबर गावी आला. आबांनी त्याला बसायला घोंगडं टाकलं. हा उभाच. आबा म्हणाले, "बस की." यानं घोंगड्याकडं बघून विचारलं, "आबा, ही लोकर मेंढरू मारून काढत्यात का?" आबा गंभीर झाले. म्हणाले, "न्हाई बाबा. कातरून काढतो. तू न्हाव्याकडं जातोस, तवा मरतोस का?" भूपाल एवढा हसला, की बसताना त्याचा तोलच गेला. त्या दिवसापासून आबांचं आणि त्याचं जमलं. आबा मला म्हणायचे, "तुझा तो शेट लय साधा हाय. त्याला सांभाळ." सांभाळायचं माझ्याकडं दिलं होतं, हे मी आज मुद्दाम लिहितो आहे.

आबांचा मला एक टोमणा कायम असायचा. "आमच्या घरात एका जागी हुभं राहून खाणारा तू पयला." फौंड्रीत भट्टीसमोर माझा जन्म गेला, तेव्हा ते खोटंही नव्हतं. निवृत्त झालो आणि भूपालनं मला सकाळी फिरायला ओढलं. तिथं कदमसर भेटले. शाळेत व्यायामाचे शिक्षक होते, तेही निवृत्त. त्यांनी हिमालयात पायी जायची टूम काढली. दसऱ्याच्या आसपास उत्तराखंडात एका उंच खिंडीपर्यंत चढायचं आणि उतरायचं. सर म्हणाले, त्या सुमाराला तिकडचे मेंढपाळ आपले कळप घेऊन खाली उतरत असतात, वाटेत भेटतील. माझ्या डोक्यात ते घुसलं. गावी जाऊन आबांना सांगितलं. आबा तेव्हा खाटेवरच असायचे. त्यांचे डोळे एकदम उघडले. "तिकडची मेंढरं बघून ये. पाय किती जाड हायती, लोकर कशी हाय, ते बघ. आन् फोटू काढ." मग म्हणाले, "आपल्यातला कोण हिमालयात गेला न्हाई अजून." सहा-सात पिढ्या चालत आलेल्या घरातल्या माणसाचं ते बोलणं होतं. त्या दिवसापासून माझं सगळं चित्त त्या फोटोत अडकलं.

भूपाल येणार नव्हता. चातुर्मास असतो, म्हणाला. जैन माणसं पावसाळ्याच्या चार महिन्यांत फार हिंडत नाहीत. त्या दिवसांत जमिनीवर जीव फार असतात. भूपाल त्या काळात कांदा-बटाटा सोडायचा, सूर्यास्ताआधी जेवायचा आणि आणखी एक व्रत त्यानं स्वतःपुरतं घेतलं होतं, चार महिने हिरवळीवर पाय द्यायचा नाही. घाटावरसुद्धा गवत दिसलं की फरशीवरून वळसा घालून यायचा. आम्ही पुढं जाऊन थांबायचो आणि मी ओरडायचो, "शेट, रेल्वे चुकंल." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "तू जा, मी पुढच्या गाडीनं येतो." मीच त्याच्या मागं लागलो. कदमसरांनी मग त्याच्याचसाठी जायचं दिवाळीनंतर ठरवलं, चातुर्मास संपल्यावर. आता त्याला नाही म्हणायला जागा राहिली नाही.

तयारीसाठी सर आम्हाला दर रविवारी कुठं ना कुठं न्यायचे. दंडोबाचा डोंगर झाला, साताऱ्याचे किल्ले झाले. पण सरांना खरं करून घ्यायचं होतं ते सड्यावरचं चालणं. पाटणच्या वर, पश्चिमेला, डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाची मोठी पठारं आहेत, त्यांना सडे म्हणतात. उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ, पण पावसाळ्यात त्यावर सगळीकडं पाणी, चिखल, गवत आणि धुकं. सर म्हणाले, "वर बर्फात पाय असाच फसतो. इथं पाय कसा टाकायचा ते शिकलात, तर तिथं टिकाल." आणि एक नियम त्यांनी जीपमधून उतरल्या उतरल्या सगळ्यांकडून कबूल करून घेतला. कोणी वाट सोडायची नाही. जो वाट सोडेल तो हिमालयात येणार नाही, मग कोणी का असेना. "वरती एकाला शोधायला दहा जणांचा जीव धोक्यात घालता येत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या. माझी जोडी अर्थातच भूपालशी.

भूपाल उघड्या कातळावरून चालत होता. एका दगडावर उभा राहायचा, पुढचा दगड शोधायचा, मध्ये हिरवं असलं तर बाजूनं जायचा. वाट सोडायचा नाही, पण वेळ लावायचा. पुढची मंडळी धुक्यात दिसेनाशी झाली. मी अंगावर आबांचं घोंगडं घेतलं होतं. सगळ्यांनी प्लॅस्टिकचे कोट घातले होते, पण मला दाखवायचं होतं, की मेंढक्याच्या पोराला पावसाचं काही वाटत नाही. त्या मेंढक्याच्या पोराला आता सगळ्यांत शेवटी चालावं लागत होतं. मी चिडलो. म्हणालो, "तू तुझ्या दगडांवरनं ये. मी सरळ जातो." समोर एक सपाट पट्टा होता, दाट हिरवा, गालिच्यासारखा, त्यात बारीक पांढरी फुलं. तो ओलांडला की पुढचे लोक गाठता येणार होते. भूपाल म्हणाला, "सरांनी न्हाई सांगितलंय." मी म्हणालो, "चिखल मला शिकवतोस व्हय रं?"

आमच्या आटपाडीकडं हिरवं म्हणजे भाग्य. मैल न् मैल फुफाटा तुडवल्यावर कुठं हिरवा तुकडा दिसला, की माणूस आणि मेंढरू दोघं तिकडंच धावतात, कारण आमच्याकडं हिरव्याखाली माती असते आणि मातीखाली मुरूम. पाय घोट्याच्या वर कधी जातच नाही. दुष्काळी भागातल्या माणसाला हिरवं कधी फसवतं, हे ठाऊकच नसतं. सड्यावर मात्र खडकातले मोठाले खळगे गाळानं भरलेले असतात आणि दुधावर साय धरावी तसं वर गवत धरलेलं असतं. माझा पहिला पाय घोट्यापर्यंत गेला, दुसरा गुडघ्यापर्यंत. तिसरं पाऊल टाकायला पायच राहिला नाही.

भूपालची हाक आली. "बिरू, कुठं हायस रं?"

"हितं."

"हितं म्हंजे कुठं?"

मला सांगायची लाज वाटत होती. मांड्या गाळात गेल्या होत्या आणि घोंगडं पाणी पिऊन खांद्यावर दगडासारखं बसलं होतं. हललो की आणखी खाली जात होतो. शेवटी म्हणालो, "रुतलोय."

तो कातळाच्या कडेला येऊन उभा राहिलेला मला दिसला. त्याच्या आणि माझ्यामध्ये दीड-दोन माणसं लांबीचा तो हिरवा पट्टा होता. त्यानं कदमसरांना दोन हाका मारल्या, पण वाऱ्यात त्या कुणाला गेल्या नाहीत. मग तो मनाशी काहीतरी म्हणू लागला. त्याचे ओठ हलत होते. मी त्याला चाळीस वर्षं ओळखत होतो, तरी तो आता काय करणार हे मला कळेना. त्यानं आधी गवतावर हात टेकले. मग छाती. मग पोट. बारीक बेडूक टपाटप उड्या मारून बाजूला पळाले. जो माणूस घाटावर गवताच्या एका पात्यासाठी वळसा घालायचा, तो चातुर्मासात सगळा आडवा होऊन त्या हिरवळीतून माझ्याकडं सरपटत आला.

"घोंगडं काढ," तो म्हणाला.

"आबांचं हाय ते."

"आबांनी तुला बुडायला दिलंय व्हय? काढ आन् एक टोक फेक हिकडं."

मी फेकलं. त्यानं ते उजव्या मनगटाला गुंडाळलं, पाय मागं कातळाच्या भेगेत अडकवले आणि ओढायला लागला. मी एक वीत वर आलो, दोन वीत आलो... आणि मग त्याच्या खांद्यात काहीतरी गेलं. तोंड पांढरं पडलं त्याचं. "थांब जरा," म्हणाला. मी म्हणालो, "सोड, मी बघतो." तो म्हणाला, "तू काय बघणार, डोंबल? वढ." आणि त्या दुखऱ्या हातातलं घोंगडं त्यानं सोडलं नाही. मी घोंगड्यावरून हातावर हात टाकत त्याच्यापर्यंत आलो आणि मग आम्ही दोघं सरपटत मागं येऊन कातळावर पडून राहिलो.

थोड्या वेळानं तो उठून बसला. हिरवळीत त्याच्या अंगाचा ठसा उमटला होता, पार आडवा, कातळापासून थेट खळग्यापर्यंत. तो त्याकडं बघत राहिला. म्हणाला, "लय जीव चिरडलं असतील रं."

मी म्हणालो, "माझा वाचला न्हवं?"

"म्हणून तर लोळलो," तो म्हणाला.

लांबून सरांची शिट्टी ऐकू आली. मी भानावर आलो आणि पहिला विचार माझ्या मनात कसला आला असेल? नियमाचा. वाट सोडली, आता हिमालय गेला, फोटो गेला. मी ते बोललोसुद्धा. माझ्या मित्राचा हात लोंबत होता आणि मी त्याच्यापुढं आबांच्या फोटोचं रडलो. भूपालनं ऐकून घेतलं. मग दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा शांतपणे म्हणाला, "हे बघ. माझा खांदा गेलाय. पाठीवर बोजा घेऊन मी तसाबी येऊ शकत न्हाई. मग दोघांनी कशाला राहायचं? एक जण तर जाऊ दे. तुझा बाप फोटूची वाट बघतोय. माझ्या फोटूची कोण बघतंय?" मी नको म्हणालो. खरं सांगायचं तर एकदाच म्हणालो. तो म्हणाला, "जा, त्या वघळीत पाय धुऊन ये." आणि मी जाऊन धुऊन आलो.

सर आले तेव्हा मी बराच स्वच्छ होतो आणि भूपाल चिखलानं माखलेला होता. सरांनी विचारलं, "वाट कोणी सोडली?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मी, सर. ह्यानं वढून काढलं मला. वढताना खांदा तेवढा गेला." सर म्हणाले, "भूपालराव, नियम तुम्हीही कबूल केला होता." भूपाल हसला. "बरं झालं सर. मला तसं भ्याच वाटत होतं." माझ्या पाठीवर सगळ्यांनी थापा मारल्या. त्या थापा मी घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याशिवाय उपवास केला. बस्तीत गोष्ट आधीच पोचली होती. तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी चार माणसांसमोर त्याला सुनावलं, की व्रत पाळायचं जमत नसेल तर घेऊ नये. लवकर पोचायला हिरवळ तुडवणारा माणूस, असं त्याचं नाव झालं. त्यानं हात जोडले आणि प्रायश्चित्त मागून घेतलं. हे मला त्यानं स्वतः हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही, पण बस्तीत जाऊन खरं सांगितलं असतं तर ते दहा मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही.

मी हिमालयात गेलो. खिंड चढलो. उतरताना एका वळणावर कळप भेटला, शेकडो मेंढरं, आणि त्यांच्यामागं आबांसारखाच वाळका, काठीवर हनुवटी टेकून उभा राहिलेला एक म्हातारा. मी फोटो काढला. आबांनी तो हातात घेऊन किती वेळ बघितला असेल! म्हणाले, "लोकर चांगली हाय. पर कान ल्हान हायती." मग विचारलं, "तुझा शेट कुठं दिसंना झालाय ह्यात?" मी सांगितलं, तो आला नव्हता.

परत आल्यावर सांगलीत आमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. बोलायला सांगितल्यावर मी काय करावं? मी सड्याची गोष्ट सांगितली. लोक हसतात म्हटल्यावर वाढवून सांगितली. भूपाल गाळातून कसा ओरडत होता, एवढं वजन ओढताना माझी काय गत झाली, सगळं. भूपाल पहिल्या रांगेत बसला होता आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता. सभा सुटल्यावर पायऱ्या उतरताना मला म्हणाला, "जरा जास्तच मीठ लावलंस रं." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी घाटावर हजर.

त्याचा उजवा हात पुढं खांद्याच्या वर कधी गेला नाही. बस्तीत अभिषेकाचा कलश उचलताना तो डावा हात उजव्या कोपराखाली धरायचा. एकदा मी त्याला घाटावर म्हणालो, "मी सांगून टाकतो सगळ्यांना." तो म्हणाला, "कशाला? आता सांगून माझा खांदा बरा हुतोय का? आबांना काय वाटंल, ते बघ." नंतर आबा गेले आणि ते कारणही गेलं. भूपालनं तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. लोक गोष्ट सांगत राहिले. तोही चारचौघांत स्वतःवर हसत राहिला आणि मी त्याच्या शेजारी बसून चहा पीत राहिलो.

इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं, छापायला देण्याआधी हे त्याच्या घरी वाचून दाखवावं. शोकसभेनंतर पुन्हा तिकडं जायचा धीर झाला नव्हता. त्याची बायको सुमनवहिनी आणि अनुजा, दोघी समोर बसल्या. मी वाचलं. कागद खाली ठेवले. मग अनुजा म्हणाली, "काका, शोकसभेत मी हसले हो." आणि उठून आत गेली.

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत होतं, भावजी."

मी विचारलं, "त्यानं सांगितलं?"

"न्हाई. कपडे कुणी धुतले? रुतलेल्या माणसाची पँट भरते. ह्यांचा सदरा भरला होता, गळ्यापासनं पोटापर्यंत, त्यात गवत चिकटलेलं. गुडघ्याखाली पँट जवळजवळ कोरी. माणूस पोटावर रुततो व्हय? त्याच दिवशी कळलं मला." मग म्हणाल्या, "हे बोलले न्हाईत, म्हणून मी बोलले न्हाई. तुमी सांगाल, असं वाटायचं. एवढी वर्षं."

मी म्हणालो, "हे छापू ना?"

"छापा. बस्तीत बी वाचू दे सगळ्यांना. पर एक बदला त्यात." मला वाटलं, त्या माझ्याबद्दल काही कडक लिहायला सांगणार, आणि मी त्याला तयार होतो. त्या म्हणाल्या, "सरांना ते म्हणाले, की भ्या वाटत होतं. तुमी ते असं लिवलंय, की लोकांना वाटंल थापच होती. थाप न्हाई ती. त्यांना लय भ्या वाटायचं डोंगराचं. सड्यावर जायच्या आदल्या दिवशी घास गेला न्हाई त्यांना. तुमच्या संगतीसाठी निघाले होते. भ्या वाटत होतं आन् तरी झोपला माणूस चिखलात. असं लिवा."

तेव्हा असं लिहितो. माझा मित्र भूपाल डोंगराला भीत होता. त्याला व्रत मोडण्याचीही भीती होती आणि गाळाचीही. हे सगळं असून तो माझ्यासाठी आडवा झाला, आणि नंतर लोक हसले तेव्हा तोही हसला. माझ्या ओळखीत त्याच्याएवढा धीराचा माणूस झाला नाही.

निघताना अनुजा बाहेर आली. डोळे पुसलेले होते. म्हणाली, "काका, बाबांच्या खोलीत या जरा." खोलीत पलंगाखाली एक खोका होता. तिनं त्यातून डोंगरात चालायचे बूट काढले. वहिनी दारातून म्हणाल्या, "हिमालयासाठी घेतलेले. कातडं नको म्हणून सगळी सांगली पालथी घातली, शेवटी मिरजेत मिळाले. जायचं तर राहिलंच. तुमी तिकडं गेलात ना, तवा रोज सकाळी हे घालून गोडावनात जायचे. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढायचे, उतरायचे, परत चढायचे. एक हात गळ्यात बांधलेला. हमाल हसायचे. हे म्हणायचे, हसू नका रं, आज आमच्या बिरूला चढ लय हाय."

मी बूट उलटे केले. टाचा झिजल्या होत्या. तळव्यांच्या खाचांत हळद गच्च बसली होती. नखानं उकरून बघितली, निघाली नाही.